आमची यमुना आणि मावशींचा रेयांश

ओसरी (धागालेखिका)

मंगळवारी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. लेकीला मुलगा झाला. नाव आधीच ठरलेलं: रेयांश. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी ही बातमी सांगितली, तर एक काकू म्हणाल्या, "आता यांच्यातही रेयांश का? मग आपण काय ठेवायचं, परत पांडुरंग?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन कणीक मळायला घेतली, पण ते 'यांच्यातही' काही डोक्यातून जाईना.

कारण आमच्या मुलीचं नाव यमुना. चार वर्षांची आहे, घरात यमू. नवऱ्याच्या पणजीचं नाव. बारशाला ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी माना डोलावल्या. किती वेगळं, किती मातीतलं! तिच्या बालवाडीत एक रखमा, दोन रमा आणि एक गोदा आहे. हजेरी ऐकली की वाटतं शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यात हळदीकुंकवाला आलोय. फक्त बाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही.

मावशींचं मत मात्र वेगळं. मागे एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या होत्या, "ताई, एवढी शिकलेली माणसं तुम्ही. पोरीला असलं म्हातारीचं नाव कशापायी? शाळेत चिडवतील की." चार वर्षांत त्यांनी तिला एकदाही यमू म्हटलेलं नाही. छकुली म्हणतात. मला ते लाडाचं वाटायचं. आता वाटतंय, नावच आवडत नसेल.

तर मंडळी, रेयांश ऐकून आपण हसतो ते नावाला हसतो की ठेवणाऱ्याला? खरं खरं सांगा. इथं कुणाला कुणाचं खरं नाव माहीत नाही.

खारी_बिस्किट

मी नावालाच हसते, शप्पथ. रेयांशचा अर्थ शोधा. नावांच्या वेबसाइटवर मिळतो 'प्रकाशाचा किरण, विष्णूचा अंश'. म्हणजे रे इंग्रजीतला आणि अंश संस्कृतातला. अर्धं लंडन, अर्धी आळंदी. मायराचं तर विचारूच नका. आमच्या मारवाडी शेजारणीकडे मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामा घेऊन येतो तो आहेर. तिला कळेना, एवढ्या हौसेनं पोरीचं नाव 'आहेर' का ठेवतात.

ठेवणारी कामवाली असो की कंपनीची मालकीण, मला दोघींचंही तितकंच हसू येतं. माझा आक्षेप भाषेचा आहे.

टवाळ

बागेत उभं राहून "विवान!" अशी हाक मारून बघा. पाच पोरं वळतात. सहावा वळत नाही कारण तो मोबाइलवर असतो. हघ्या (हलकं घ्या).

नाना_फडताळ

खारीबाई, अर्थाचा आग्रह धरायचा तर आमच्या पिढीपासून धरा. सोनालीला निदान सोनं तरी आहे, मोनालीला काय आहे? रूपाली झाली, दीपाली झाली, मग कुणालाही आली लावा. प्रणाली म्हणजे पद्धत. बँकेत संगणकप्रणाली आली तेव्हा आमच्या शाखेत आधीच दोन प्रणाली होत्या, आणि दोघी तिच्यापेक्षा जलद चालायच्या.

तेव्हाही हसणारे होतेच. आमच्या वाड्यात पिंकी, बंटी, स्वीटी ही नावं म्हणजे घरात पुस्तक नसल्याचा पुरावा मानला जायचा. स्वतःच्या मुलांना मात्र शाळेच्या दाखल्यावर श्रीरंग आणि घरात बंड्या. बंड्या चालतो, बंटी चालत नाही. ह्यातला फरक मला पंचाहत्तरीतही सांगता येत नाही. बाकी नावं ठेवण्यात आम्ही सगळेच पटाईत, दोन्ही अर्थांनी.

टवाळ

तो दोन अर्थांचा विनोद कोण करतंय याचीच वाट बघत होतो. तिसऱ्या प्रतिसादात झाला. अभिनंदन, नाना.

दगडफूल

इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितो.

माझं खरं नाव कचरू. वय ४७, इंजिनिअर, चाकणला नोकरी. गाव नगर जिल्ह्यात. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली होती. मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं, "कुणाचं गं हे पोर, मला घावलं" असं मोठ्यानं म्हणाली, आणि आईनं पायलीभर बाजरी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. यमाच्या वहीत मी कचरा म्हणून लागलो, आणि कचरा कुणी न्यायला येत नाही. आमच्याकडचे उकिर्डा, केरू, दगडू सगळे याच हिशेबातले. कोंडा देऊन विकत घेतला तो कोंडीबा. थोडक्यात, हे नाव म्हणजे माझं लसीकरण.

गावात हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणी हसत नव्हतं. पुण्याला कॉलेजात पहिल्याच तासाला हजेरी झाली. सरांनी नाव वाचलं, थांबले, चष्मा वर केला, परत वाचलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "टाका डब्यात." चार वर्षं मी के.आर. होतो. लग्नाच्या पत्रिकेत सासऱ्यांनी न विचारता 'कैलास' छापलं. ऑफिसच्या ईमेलवर अजून के.आर.च आहे.

आता गंमत बघा. केरो लक्ष्मण छत्रे. मोठे गणिती, डेक्कन कॉलेजात टिळकांचे गुरू, १८८४ साली वारले. केरो म्हणजे केरच की. पण त्यांना आपण केरूनाना म्हणतो. धोंडो केशव कर्वे, १८५८ चा जन्म, पुढे भारतरत्न. धोंडो म्हणजे धोंडाच. त्यांना महर्षी म्हणतो. त्या घरांतल्या आयांनाही पोर जगतंय की नाही ही धास्ती माझ्या आईएवढीच असणार. नाव तेच, भीती तीच. हजेरीत हसू आलं ते मात्र माझ्या वाट्याला.

एकदा राजपत्रात नाव बदलायचं ठरवलं. अर्ज भरला, फोटो काढले. आई म्हणाली, "बदल की. पर म्या हाय तवर नको. त्याला कळंल." त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. आई आता ८१ वर्षांची आहे आणि मी अजून कचरू आहे.

मुलाचं नाव अर्णव. हसा आता.

ओसरी

दगडफूल, कोण हसणार हो. सुपात घालून, हे वाचून उठले आणि यमूला बघून आले.

निळी_शाई

दगडफूल, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आमच्या घरातही हीच नावं होती, पण सगळी यमाला फसवायला ठेवलेली नव्हती. पणजी धोंडाबाई, तिची बहीण दगडाबाई. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ३१वा श्लोक काढून बघा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. मग आम्ही तर त्या चौकटीच्याही बाहेरचे. आमच्यासाठी गावात कुणाला श्लोक पाठ असायची गरज नव्हती. जरा बरं नाव ठेवलं तरी हाक मारणारा त्याचं 'या' करून टाकायचा. रामचंद्राचा राम्या. लेखक दया पवारांचं मूळ नावही दगडू मारुती पवार.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. परत आल्यावर त्यांनी पोरांच्या शाळेच्या पाटीवर खडूनं नावं लिहून ती भिंतीला टांगली. सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. भावकीत बारसं कुणाचंही असो, पाटीवरचं एक नाव उचलायचं आणि आजोबांनी त्यावर फुली मारायची. दगडाबाईची नातवंडं अशी एका पिढीत सिद्धार्थ आणि सुजाता झाली.

पण हुंगणारे हुशार असतात. ती नावं सुंदर आहेत हे कळायच्या आत ती कुणाची आहेत हे त्यांना कळलं. मला माझं नाव विचारतात, मी सांगते. "वा, छान नाव. आणि आडनाव?" हा 'आणि आडनाव' कधी चुकलेला नाही. एक मिलिंद तेवढा निसटला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, म्हणून तो तुमच्याकडेही असतो. आमचा मिलिंद म्हणजे नागसेन या बौद्ध भिक्षूला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. आमच्या ऑफिसात दोन मिलिंद आहेत, एक भुंगा आणि एक राजा. नव्या माणसाची फार पंचाईत होते, आणि मी मुद्दाम काही सांगत नाही.

ओसरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, रागावू नका. यमुना हे नाव तुम्हाला परवडतं. तिच्यामागे आडनाव उभं आहे, पत्ता आहे, इंग्रजी आहे. उद्या ती मुलाखतीला गेली तर समोरचा म्हणेल, काय सुरेख जुनं नाव. तुमच्या मावशींची नात यमुना नावानं त्याच दारात गेली तर तिच्या हातात आधी फडकं देतील. मावशींना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याकडे रेयांश लागतो. त्या पोराच्या मागे काहीच नाही, त्यामुळे पुढे असलेल्या नावालाच सगळं काम करावं लागणार.

हे माझ्या मनाचं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्जावर फोटोबिटो काही नाही.

हिंजवडीकर

आला जातीचा मुद्दा. मला वाटलं होतं तिसऱ्या प्रतिसादातच येईल. अहो, आम्ही मुलीचं नाव जिजा ठेवलं, कारण आम्हाला जुनी मराठी नावं आवडतात. संपलं. यात कुणाच्या आडनावाचा काय संबंध?

निळी_शाई

जिजा छानच आहे. दगडाबाई नाही का आवडलं? तेही जुनं आणि मराठीच आहे.

टवाळ

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

खारी_बिस्किट

निळी_शाई, हा मात्र बसला. मलाच बसला. आमच्या ओळखीत गेल्या पाच-सहा वर्षांतल्या 'जुन्या' नावांची मनात यादी केली: यमुना, गोदा, रमा, जाई, जिजा, सई, रखमा. नद्या, फुलं, राण्या आणि विठोबाची बायको. ठकूबाई, बयाबाई, चिंधाबाई, नकुसा यांतली एकही नाही. आपण माजघरातून निवडून निवडून वस्तू आणाव्यात तशी नावं आणलीत. पितळी डबा घेतला, केरसुणी तिथंच ठेवली.

तरी रेयांशच्या 'रे'बद्दलचं माझं म्हणणं मी सोडणार नाही.

सातारी_कंदी

नकुसा कुणीतरी काढलंच, तर सांगते. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की नकुसा, नकोशी. हजेरीपटावर ही नावं मी स्वतःच्या हातानं लिहिली आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि २८५ मुलींना नवी नावं मिळाली. नाव ज्याचं त्यानं निवडायचं होतं. कुणी सावित्री घेतलं, कुणी वैशाली. आणि कितीतरी जणींनी ऐश्वर्यासारखी सिनेमातली नावं घेतली.

त्यावर स्टाफरूममध्ये एक जण म्हणालेच, "संधी मिळाली तर नाव काय घेतलं बघा, नटीचं!" अहो, जिला जन्मल्याबरोबर घरच्यांनी 'नको' म्हटलं, तिनं जगातली सगळ्यांना हवीशी वाटणारी बाई शोधली आणि तिचं नाव घेतलं. ह्यापेक्षा चोख निवड मी तरी पाहिली नाही.

आणि शहरात नकुसा नसतात असं समजू नका. माझ्या वर्गात तिसरी मुलगी असलेल्या घरातली एक प्रतीक्षा आहे. कशाची प्रतीक्षा, ते विचारायचं नाही. तिच्या धाकट्या भावाचं नाव आयुष.

राईनकाठी

जर्मनीतून. इथं हाच खेळ 'केविन'वर चालतो. नव्वदच्या दशकात भरपूर केविन आणि शांताल झाले आणि बघता बघता ती नावं खालच्या वर्गाची म्हणून शिक्का बसला. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठात शिक्षकांना मुलांच्या नावांवरून काय वाटतं हे विचारलं होतं. शार्लोट, मारी, अलेक्झांडर म्हटलं की हुशार. केविन म्हटलं की व्रात्य. एका शिक्षिकेनं लिहून दिलं, केविन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे. ते वाक्य इतकं गाजलं की आता लोक म्हणीसारखं वापरतात.

आमच्या मुलाचं नाव आर्य ठेवायचं असं सासूबाईंचं फार मनात होतं. ह्या देशात तो शब्द ऐकून लोकांचे चेहरे कसे होतात हे त्यांना फोनवर समजावताना माझी जी तारांबळ उडाली तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल. शेवटी निखिल.

नाना_फडताळ

नाव असून न वापरणं हीसुद्धा एक तऱ्हा आहे. माझे आजोबा रत्नागिरीहून मुंबईला आले आणि एका गुजराती पेढीवाल्यांच्या घरी गडी म्हणून राहिले. नाव सखाराम. त्या घरात आधीचा गडीही 'रामा', हेही 'रामा'. तेव्हाच्या मुंबईत कोकणातला घरगडी म्हटला की रामाच. अकरा वर्षांत शेठाणीला खरं नाव माहीत नव्हतं. आजोबा म्हणायचे, बरं झालं, तिच्या शिव्या सगळ्या रामाला लागल्या.

वर मी आमच्या वाड्याच्या गप्पा मारल्या खऱ्या, पण वाडा वडिलांच्या नोकरीमुळे आला. त्याआधीचं हे.

हिंजवडीकर

मुद्दा पोचला. मला दगडाबाई सुचलंही नव्हतं, हे मान्य. आवडलं नाही म्हणायला आधी सुचावं तरी लागतं.

जन्मदाखला

चर्चा रंगली आहे, पण ज्यांच्याकडे बाळ यायचंय त्यांच्यासाठी कामाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद होते. नाव नंतर घालता येतं, पहिल्या १२ महिन्यांत फी नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घाईत वेबसाइटवरचं नाव टाकू नका, तेवढ्यासाठी सांगितलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे फॉर्मवरच्या चौकटी आता कुणालाच पुरत नाहीत.

ओसरी

रविवारी रेयांशच्या बारशाला जाऊन आले. न विचारता वृत्तान्त देते.

वस्तीतल्या समाजमंदिरात होतं. निळे-पांढरे फुगे, थर्माकोलचा चंद्र, त्यावर सोनेरी कागदाची अक्षरं. 'रे'वरची मात्रा पडली होती, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव 'रायांश' होतं, कारण कुणीतरी ती पडलेली पट्टी उचलून काना म्हणून चिकटवली होती. मग मावशींच्या जावयानं स्टुलावर चढून सेलोटेपनं ती वर नेली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं आणि पोरींनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती पाळण्यावरच वाकली.

मी बाळाच्या आईला विचारलं, नाव कुठून सुचलं? ती म्हणाली, "तुमच्याच बिल्डिंगमधनं." तीन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर एक भाडेकरू जोडपं होतं, पुढे बंगळुरूला गेलं. त्यांचं बाळ रेयांश. ते सांभाळायला ही जायची, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. त्याचं पहिलं पाऊल हिच्यासमोर पडलं. आईबाप ऑफिसात होते, म्हणून हिनं त्यांना सांगितलंच नाही. संध्याकाळी त्यांनी पाहिलं तेच पहिलं, असं होऊ दिलं. ते गेले त्या दिवशी हिनं ठरवलं, आपल्याला मुलगा झाला तर हेच नाव.

आणि मला आठवलं, त्या बाळाच्या बारशाला आमच्या बाकावरच्या काकूंनी चांदीची वाटी दिली होती आणि 'किती युनिक नाव' म्हणाल्या होत्या. मी शेजारीच बसले होते.

खारी, तुझ्या 'रे'बद्दल तिला काही विचारलं नाही. माफ कर.

आता यमूचं. ती फुगे फोडत सुटली होती, म्हणून मी लांबूनच ओरडले, "यमुने, इकडे ये आधी!" तर कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या एक आजी गुडघ्यावर हात देऊन उठायला लागल्या. "आले गं बाई, कोण बोलवतंय?" सगळं समाजमंदिर हसलं, आणि मावशींनी पदराचा बोळा तोंडाला लावला. त्यांच्या सासूबाई त्या. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून चार वर्षं छकुली.

आजींनी यमूला जवळ ओढलं. "माझं नाव तुला कुणी दिलं गं?"

यमू म्हणाली, "माझंच आहे."

दगडफूल

घुगऱ्या होत्या का?

ओसरी

होत्या. केकही होता. केकवरची मात्रा जागेवर होती.